आत्याची पांढरी बट

सोलापुरात शेंगाचटणी कशीही खातात. दह्यात कालवून, वर तेल ओतून, नाहीतर कडक भाकरीवर कोरडीच पसरून. आमच्या शकूआत्याच्या ताटात ती कायम तेलाबरोबर. दह्याचं भांडं पंगतीत तिच्यापाशी आलं की न थांबता पुढं सरकायचं. तिला दही आवडत नसेल, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं.

कारण तिच्या कपाळावर होतं. भांग सुरू होतो तिथं, बरोबर मधोमध, दोन बोटं रुंदीची केसांची बट जन्मापासून पांढरीफेक. बटेच्या मुळाशी रुपयाएवढा पांढरा डाग. अजून एक पोटावर होता म्हणे, पण तो आजीशिवाय कुणी पाहिला नव्हता. घरात त्याला नाव नव्हतं, सगळे नुसतं 'ते' म्हणायचे. बाहेर नाव होतं: कोड. आणि कोड म्हटलं की पांढरं खायचं नाही. दूध, दही, ताक बंद. पांढऱ्यानं पांढरं वाढतं, असा हिशेब. मग भात आणि मीठ कसं चालायचं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

आत्या लहान असताना बावचीचं तेल लावून तिला गच्चीवर उन्हात बसवायचे. सोलापूरचं एप्रिलमधलं ऊन ज्यानं अंगावर घेतलंय, त्याला जास्त सांगायला नको. डागावर फोड आले, फुटले, खपली धरली, आणि खपलीखालून डाग जसाच्या तसा बाहेर आला. या 'जसाच्या तसा'कडं कुणीतरी तेव्हाच नीट बघायला हवं होतं. कोड पसरतं, जागा बदलतं, एखाद्याचं भरूनही येतं. आत्याचा डाग तिच्या कपाळाबरोबर वाढला तेवढाच. पसरला नाही, आक्रसला नाही. पण तेवढं बघायला डोकं शांत लागतं, आणि घरात वयात आलेली मुलगी होती.

बघण्याचा कार्यक्रम असला की आजी काजळ खोबरेल तेलात खलायची आणि त्या बटेला चोपडायची. मी सहा-सात वर्षांची असेन. पाहुणे अक्कलकोटकडचे. बसायला नवी चादर अंथरलेली, लाल-काळी, मोराच्या नक्षीची. पोहे झाले, चहा झाला, प्रश्न झाले. उठताना मुलाच्या मावशीनं कौतुकानं आत्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि हात खाली घेतला तर बोटं काळी. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी चादरीच्या काठाला बोटं पुसली, निघताना कुंकूही लावून घेतलं. ती चादर नंतर आमच्याकडं कितीतरी वर्षं होती. आई तिची घडी घालताना तो काठ आत दुमडायची.

आत्याचं लग्न झालं नाही. तिनं शिलाई मशीन घेतलं. कारखान्यातून टॉवेलांचे गठ्ठे यायचे, ती त्यांच्या कडा शिवून द्यायची. आमच्या साखर पेठेतल्या घरात दिवसभर दोन आवाज असायचे, लांबून मागांचा आणि जवळून तिच्या मशीनचा.

मी एम.एस्सी.ला कोल्हापूरला गेले. तेव्हा सोलापूरची कॉलेजं शिवाजी विद्यापीठाखालीच होती. तिथल्या लायब्ररीत आनुवंशिकीच्या एका जाड पुस्तकात काळं-पांढरं छायाचित्र दिसलं. कुठल्यातरी परमुलखातलं मूल, ओळख लपवायला डोळ्यांवर काळी पट्टी मारलेली, आणि कपाळावर आमची आत्या. तीच बट, तोच मुळाशी डाग. खाली नाव होतं, पायबाल्डिझम. मी पुस्तक मिटून बाहेर जाऊन उभी राहिले. रडले वगैरे नाही. पहिला विचार मनात आला तो त्या चादरीचा.

पायबाल्डिझमचं कारण सापडलं ते १९९१मध्ये. उंदरांमध्ये त्याआधी तीन वर्षं. ज्या उंदरांच्या अंगावर जन्मतः पांढरे ठिपके असतात, त्यांची एक जात शास्त्रज्ञ पिढ्यान् पिढ्या पाळत आले होते. त्यांच्यात किट नावाचं जनुक बिघडलेलं निघालं, आणि मग तेच माणसांतही निघालं.

आता हे किट काय करतं, ते सांगायला मला जरा मागं जाऊ द्या. केसाला आणि कातडीला रंग देणाऱ्या पेशी कातडीत जन्मतच नाहीत. गर्भ अगदी कोवळा असतो तेव्हा त्याच्या पाठीच्या मधल्या रेषेवर त्या तयार होतात आणि तिथून निघतात. पाठीवरून कुशीला वळसा घालून पोटाकडं, डोक्यावरून पुढं उतरत कपाळाकडं. हा सगळा प्रवास आईला दिवस गेल्यापासूनच्या पहिल्या काही महिन्यांतला. वाटेत त्यांना कुणीतरी सतत हाकारत राहावं लागतं. आजूबाजूच्या पेशी एक प्रथिन तयार करतात. ते रंगपेशीच्या अंगावरच्या किट नावाच्या प्रथिनाला येऊन चिकटतं. हाक पोचत राहिली तर पेशी जगते, तिच्या दोनाच्या चार होतात, ती पुढं सरकते. हाक पोचली नाही तर तिथंच मरते.

किट पेशीच्या पडद्यात रोवलेलं असतं. एक टोक बाहेर, एक आत. बाहेरच्या टोकाला निरोप मिळाला की दोन किट एकमेकांजवळ येतात, त्यांची जोडी जमते, आणि आतल्या बाजूला दोघं एकमेकांवर खूण करतात. ही खूण म्हणजे फॉस्फेट, एक फॉस्फरस आणि त्याच्याभोवतीचे ऑक्सिजन. प्रथिन ही अमिनो आम्लांची माळ. त्यातला टायरोसिन नावाचा मणी जिथं असेल, तिथं एटीपीकडून, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूकडून, फॉस्फेट उचलून बसवायचा. बसवणाऱ्या प्रथिनांना कायनेज म्हणतात. किट स्वतःच कायनेज आहे, म्हणून बाहेरून दुसरा कारागीर बोलवावा लागत नाही. फॉस्फेट बसलेला टायरोसिन आतल्या दुसऱ्या प्रथिनांना ओळखू येतो. त्यांच्या अंगावर नेमका तोच धरणारी खोबण असते, तिला एसएच-२ म्हणतात. १९८६मध्ये टोनी पॉसन यांच्या प्रयोगशाळेनं ती दाखवली. एकानं धरलं की तो दुसऱ्याला बोलावतो, दुसरा तिसऱ्याला, आणि पेशीच्या केंद्रापर्यंत बातमी जाते: जग, वाढ, चाल.

जोडीचा हा मामला फार महागात पडतो. किटच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. काही घराण्यांत एक प्रत अशी बिघडते की तिचं प्रथिन तयार होतं, जोडीलाही येतं, पण खूण करू शकत नाही. मग जोड्या चार प्रकारे जमणार. धड-धड, धड-मोडकं, मोडकं-धड, मोडकं-मोडकं. काम करणार फक्त पहिली. निम्मा माल खराब, पण काम मात्र चार आणेच. हा हिशेब मी दरवर्षी फळ्यावर मांडते आणि दरवर्षी एखादा मुलगा म्हणतो, "मॅडम, पार्टनरशिपमध्ये असंच होतंय की."

चार आण्यांच्या निरोपावर निघालेल्या पेशी जवळच्या जागी पोचतात. पाठ बहुधा पूर्ण रंगते. लांबचा पल्ला राहून जातो, कपाळाचा मध्य, छाती, पोट. आत्याची बट म्हणजे ज्या गावाला एसटी गेलीच नाही, ते गाव. आणि हे सगळं आजीला धड दिवस गेल्याचं कळून चार लोकांना सांगेपर्यंत घडून संपलेलं. नंतरचं तेल, ऊन, सिद्धेश्वराला बोललेले नवस, आजीनं ग्रहणात भाजी चिरली होती का यावरची भांडणं, ही सारी त्या संपलेल्या गोष्टीच्या मागं धावलेली.

टायरोसिन हे नाव चीजसाठीच्या ग्रीक शब्दावरून आलं. १८४६मध्ये लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं ते चीजमधल्या प्रथिनापासून वेगळं काढलं. दुधातल्या केसीन या प्रथिनात ते मुबलक असतं, म्हणजे दह्यातही. आणि केसांचा काळा रंग, मेलॅनिन, शरीर ज्यापासून बनवतं तेही टायरोसिनच. थोडक्यात, पांढरं म्हणून आत्याच्या ताटातून जे काढलं, त्यातच काळ्याचा कच्चा माल होता. दही खाऊन तिची बट काळी झाली असती असं मी म्हणत नाही. रंगवणारी पेशीच तिथं नव्हती, तर माल पोचवून काय उपयोग. पण हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं.

टायरोसिनवर फॉस्फेट बसतो, हे सापडलं तेही गमतीनंच. फॉस्फेटची खूण करून प्रथिनाचं काम चालू-बंद करता येतं, हे क्रेब्स आणि फिशर यांनी १९५५च्या सुमारास स्नायूंमधल्या एका प्रथिनावर दाखवलं होतं. नोबेल मिळायला त्यांना १९९२ उजाडलं. पण खूण व्हायची ती सेरिन आणि थ्रिओनिन या दोन मण्यांवर, असंच सगळे धरून चालले होते. १९७९मध्ये कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर एका विषाणूच्या प्रथिनावर काम करत होते. फॉस्फेट कुठल्या मण्यावर बसलाय हे बघायचं तर प्रथिन तोडून, विजेच्या प्रवाहात ते मणी प्लेटवर पळवायचे. ज्या द्रावणात हे करायचं त्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, १.९ हवा. हंटरना नवं द्रावण करायचा कंटाळा आला. त्यांनी पूर्वी वापरलेलंच पुन्हा घेतलं. ते वापरून वापरून १.७वर उतरलेलं होतं. आणि प्लेटवर थ्रिओनिनच्या जागी न बसणारा एक वेगळाच ठिपका आला. ताज्या द्रावणात तो थ्रिओनिनच्या ठिपक्यातच लपून बसला असता. तो टायरोसिन होता. लगेच त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कोंबड्यांना कर्करोग करणाऱ्या विषाणूचं प्रथिन तपासलं. या विषाणूचा माग पेटन राऊस यांनी १९११मध्येच काढला होता. तिथंही तोच प्रकार, खूण टायरोसिनवर.

आमच्याकडं सूत रंगवणाऱ्यानं शिळं पाणी वापरलं तर मालकाच्या शिव्या खाईल. पण हे इतकी वर्षं दिसलं नाही यात कुणाचा आळस नव्हता. पेशीतल्या अशा फॉस्फेटांपैकी नव्वदेक टक्के सेरिनवर, बाकीचे जवळजवळ सगळे थ्रिओनिनवर. टायरोसिनचा वाटा हजारात एकसुद्धा नाही. त्या एवढ्याशा वाट्यावर मात्र वाढायचं की थांबायचं, चालायचं की बसायचं, रक्ताची पेशी व्हायचं की रंगाची, असले निर्णय टांगलेले. माणसाच्या ५१८ कायनेजांपैकी टायरोसिनवर काम करणारे ९०. आणि खूण पुसणारे, म्हणजे फॉस्फेटेज, त्या घराण्यात शंभराहून थोडे जास्त. इन्सुलिनचा निरोप घेणारं प्रथिनही याच नव्वदांतलं. आमच्या गल्लीत सकाळी जेवढे लोक सुई टोचून घेतात, त्यांचा सगळा कारभार शेवटी टायरोसिनपाशी येतो.

पुसणाऱ्यांचं महत्त्व मला कळलं ते मात्र पुस्तकातून नाही. आमच्या मागच्या बोळात मास्तर राहायचे. पद्मशाली, घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. चादरीच्या जकार्डसाठी, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रासाठी, पत्ते मारणं हा त्यांचा धंदा. नक्षी कागदावर चौकटीचौकटीत काढायची, आणि तिच्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या लांब पत्त्यांना भोकं पाडायची. पत्त्यांची माळ मागाच्या डोक्यावर फिरत राहते. मी लहानपणी त्यांच्या दारात बसून पुठ्ठ्याच्या गोल टिकल्या गोळा करायची. एकदा मी विचारलं, भोकाचं काय काम? मास्तर म्हणाले, "भोक असलं की सुई आत जाती, हुक वर, ताण्याचा धागा वर. मग धोटा खालनं जातोय. पुढचा पत्ता आला की धागा खाली." मी म्हटलं, मोराला तो धागा वरच पाहिजे ना, मग खाली कशाला? ते हसले. "वरच राहिला तर कापड कसं व्हायचं गं? नुसता लोंबणार की."

उपमा फार ताणू नये, सुतासारखीच तुटते. तरी एक सांगते. पत्त्यातलं भोक कायमचं, तसं जनुक. धाग्याचं वर जाणं क्षणापुरतं, तसं फॉस्फेटचं बसणं. बसतो आणि बहुतेक वेळा काही सेकंदांत, फार तर मिनिटांत निघतो. निघतो म्हणूनच पुढचा निरोप घेता येतो.

मास्तरांचा धागा वर अडकला तो २००९मध्ये. दमायला लागले, घाम यायचा, डाव्या बरगडीखाली पोट दगडासारखं. रक्तात पांढऱ्या पेशी लाखाच्या वर. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताचा कर्करोग. या आजारात नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात. ती आखूड झालेली बावीस नंबरची जोडीदारीण १९६०मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली दिसली होती. तुकड्यांची अदलाबदल आहे हे जॅनेट राऊली यांनी १९७३मध्ये ओळखलं. दोन जनुकं चुकून एकमेकांना शिवली जातात आणि त्यातून बीसीआर-एबीएल नावाचं टायरोसिन कायनेज तयार होतं. त्याला निरोपाची गरजच नाही, ते कायम चालू. पुसणारे पुसतायत, हे बसवतंय. बाण्याचा धागा संपला की माग आपोआप थांबतो, पण थांबवणारा खटकाच बांधून ठेवला तर? मी हे असंच त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. "जॉबरला बोलवायला पाहिजे," म्हणाले.

जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, गोळीच्या रूपात आला. इमॅटिनिब. एटीपी जिथं येऊन फॉस्फेट देतो, त्या खाचेत जाऊन ही गोळी बसते आणि कायनेजचा हात बांधते. २००१मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. मास्तर रोज जेवणावर ४०० मिलिग्रॅमची एक घ्यायचे. मूळ कंपनीची औषधी महिन्याला लाखाच्या घरात, आपल्याकडच्या कंपन्यांची आठ-दहा हजारांत. आठ-दहा हजारसुद्धा पत्ते मारणाऱ्याला थोडे नव्हेत, पण घर विकावं लागलं नाही. १ एप्रिल २०१३ला सर्वोच्च न्यायालयानं त्या मूळ कंपनीचं, नोव्हार्टिसचं, पेटंटचं अपील फेटाळलं, तेव्हा त्यांनी पेपरातली ती बातमी कापून देव्हाऱ्याशेजारी, मार्कंडेयाच्या तसबिरीखाली चिकटवली. पेटंट कायद्यावर बोलणारे विद्वान मी पुष्कळ ऐकलेत. त्या कात्रणाइतकं नेमकं मला कुणी सांगितलं नाही.

आणि मग मास्तर उजळायला लागले. खरंच. सहा-आठ महिन्यांत चेहरा, हात, मान, सगळीकडं रंग उतरला. काकू म्हणाल्या, "या वयात गोरं होऊन कुणाला दाखवायचंय?" नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथाच्या मिरवणुकीत लोक त्यांना थांबवून विचारायचे, मास्तर, काय खाताय, तब्येत झक्कास दिसतेय. मलाही आधी तसंच वाटलं. मग एका रात्री कॉलेजच्या पेपरांचा गठ्ठा बाजूला सारून मी त्या गोळीबद्दल वाचत बसले, आणि वाचता वाचता एका ओळीवर थांबले. ही गोळी एकाच कायनेजला धरत नाही. तिच्या खाचेत बसणारी आणखी दोन-तीन आहेत. त्यातलं एक किट. रंगपेशींना मोठेपणीही किटची हाक लागते, ती दाबली गेली की रंग फिका पडतो. सावळ्या माणसांत तो जास्त दिसतो, एवढंच.

मी खिडकीतून मागच्या बोळात बघितलं. मास्तरांकडं दिवा चालू होता. अलीकडं आमच्या माडीवर आत्याचं मशीन. मधे शंभर पावलं असतील. दोघांच्या कातडीत एकच प्रथिन गप्प. एकाचं गोळीनं, एकीचं जन्माआधी. मास्तरांना लोक रस्त्यात थांबवून विचारतात काय खाता, आणि आत्याला घरातल्यांनी आयुष्यभर काय खायचं नाही ते सांगितलं.

आत्याला हे सगळं सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. सांगून काय होणार, असं वाटायचं. शिवाय तोवर एक गंमत झाली होती. तिचे सगळेच केस पांढरे झाले. ती बट आता त्या पांढऱ्यात कुठं सुरू होते, कुठं संपते, हे तिचं तिलाही सांगता येईना. कपाळावरचा डाग तेवढा राहिला, आणि तो बघायला आता कुणी येत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी लाइट गेली, मशीन बंद, तेव्हा जेवताना बोललो. मी तिला पेशींचं चालणं सांगितलं, हाक सांगितली, चार आण्यांचा हिशेब सांगितला. फॉस्फेट वगैरे गाळलं. ती भाकरी मोडत ऐकत होती. मी थांबले तर म्हणाली, "म्हणजे आईनं ग्रहणात भाजी चिरली त्याचं काही नाही?"

"नाही."

"आणि दह्याचं?"

"त्याचंही नाही."

ती थोडा वेळ ताटाकडं बघत राहिली. मी उठून दह्याचं भांडं आणलं, तिच्या चटणीवर चमचाभर घातलं. तिनं कालवलं, घास घेतला, जिभेवर फिरवला. मग कपाळाला आठी घालून म्हणाली, "आंबट आहे गं." आणि हात लांब करून तेलाची बाटली ओढली.